मारुतीचा कोंबडा

छबूबाईंच्या कोंबड्या मी तीन वर्षं रोज पाहिल्या. हौस म्हणून नव्हे. माझ्या खोलीचं दार त्यांच्याच अंगणात उघडत होतं.

सन चोपन्न ते सत्तावन्न. मी देहूरोडच्या डेपोत हमाल होतो. रेल्वेच्या वाघिणीतून पेट्या उतरवायच्या आणि गोदामात थप्पी लावायची. मूळ गाव नगर जिल्ह्यात. कासारवाडीला रुळाच्या कडेला छबूबाईंचं घर होतं. त्याच्या सोप्याला कूड घालून एक खोली केलेली होती, ती मला राहायला मिळाली. समोर अंगण, अंगणात कडुनिंब, निंबाखाली मातीचं खुराडं. रस्त्यापलीकडे मारुतीचं देऊळ.

छबूबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. जमीन धाकटा दीर कसायचा, चिमाजी. धान्य तो आणून टाकायचा. बाकीचा संसार, मिठापासून मुलीच्या लग्नापर्यंत, छबूबाईंनी कोंबड्यांवर केला. लग्न होऊन आल्या तेव्हा आईने डालग्यात घालून एक कोंबडी आणि सात पिल्लं दिली होती. अंगणातलं सगळं त्याच कोंबडीचं पुढचं बेणं.

काम करणारं माणूस मला चालण्यावरून ओळखू येतं. छबूबाई रिकाम्या हाताने कुठे जात नसत. उकिरड्याकडे जाताना केराची पाटी, येताना सरपण. मी डेपोतून आलो की आधी दहा मिनिटं उंबऱ्यावर बसायचो. त्या म्हणायच्या, "जोतीराम, बसलायस तर बस. पन त्या पायानं तेवढं खुराड्याचं दार लोट."

कोंबडी खुडूक होते म्हणजे काय, हे ज्यांनी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अंडी देता देता ती एक दिवस थांबते. अंग फुगवून कोपऱ्यात बसते, खात नाही, हात लावला तर गुरगुरते आणि चोच मारते. तिला अंडी उबवायची असतात. दर खुडूक कोंबडीला बसवायचं म्हटलं तर वर्षभर अंडं मिळणार नाही. म्हणून एखादीला बसवायची आणि बाकीच्यांची खूड मोडायची. कुणाला बसवायची आणि कुणाची मोडायची, हे ओळखण्यात सगळं आलं.

छबूबाई पारख अशी करायच्या. खुडूक झालेल्या कोंबडीखाली पवनेच्या पात्रातले तीन गुळगुळीत गोटे ठेवायच्या. दोन दिवस बघायचं. जी दाणे टाकल्यावर पळत येते आणि निंबाखाली गप्पा मारत बसते, ती खोटी. जी घाईघाईने चार दाणे टिपून गोट्यांवर परत जाते, ती खरी.

खूड मोडायला वाडीतल्या बाया कोंबडीच्या नाकात पीस खुपसत, नाहीतर तिला पाण्यात बुचकळत. छबूबाई तसं करत नसत. विरळ विणीची पाटी निंबाच्या फांदीला टांगायची, वर दुसरी झाकायची आणि आत कोंबडी. खालून पोटाला वारा लागला की ऊब जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं ठिकाणावर येतं. दिवसातून दोनदा उतरवायची, दाणापाणी द्यायचं, पुन्हा टांगायची. पीस खुपसायला अर्धं मिनिट लागतं. म्हणून बाकीच्या बाया पीस खुपसत.

बसवायची तर एका कोंबडीखाली तेरा अंडी. मी एकदा विचारलं, "मावशी, बारा का नाही?"

"मांडून बघ."

मी मांडून पाहिली. तेरा अंडी गोल बसतात. बाराला कडेला खाच राहते. त्या मात्र वर आणखी म्हणाल्या, "आन सम अंडी बसवत न्हाईत," आणि याचं कारण सांगितलं नाही.

खुडूक कोंबड्यांच्या बाबतीत छबूबाईंचं एकदाही चुकलं नाही. कोंबडीच्या बाबतीत नव्हे, कोंबड्याच्या बाबतीत त्या फसल्या.

पिल्लं निघाली की निम्मे नर निघतात. अकरा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीचे वेळेवर बाजारात जायला हवेत. पण ते वाढायला लागले, तुरे लाल झाले, की चिमाजीला वास यायचा. चिमाजी म्हणजे सहा फूट उंच, कष्टाला वाघ आणि खायला दोन वाघ. तो सकाळी शेतावर जाताना कुंपणाशी थांबायचा.

"वहिनी, त्यो काळा काय म्हंतोय?"

"काय म्हननार भावजी? कोंबडाच हाय त्यो."

"न्हाई, जड चालतोय. पायात काय दुखनं हाय का बगा. न्हाईतर रविवारी मोकळा करू त्याला."

भाऊ गेल्यावर या माणसाने दोन्ही घरांची नांगरट एकट्याने ओढली होती. त्याला नाही म्हणणं छबूबाईंच्या जिभेवर येत नसे. पण होय म्हटलं तर दर रविवारी एक कोंबडा. एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्यो म्हसोबाचा हाय. बोललीया मी."

चिमाजीने तिथेच हात मागे घेतला. देवाला बोललेला कोंबडा देवाच्या दिवसापर्यंत कुणी मारत नाही, विकत नाही आणि पाहुण्याला दाखवतही नाही. छबूबाईंना हे औषध फार आवडलं. पुढचा कबरा मरीआईला बोलल्या. त्याच्या पुढचा वेताळाला. चौथा नदीकाठच्या आसरांना. चारही देव कोंबडा घेणारे, चारही नवस खरे. त्या खोटं बोलल्या नाहीत. उंबऱ्यावरून हात जोडून रीतसर बोलल्या. फक्त वेळ अशी साधायच्या की चिमाजी कुंपणाशी उभा असेल.

मी म्हणालो, "मावशी, कोंबडे वाढतायत."

"आखाडात देऊ की समदे."

आखाड सात महिने लांब होता.

राहिला तांबडा. हा कळपाचा बाप. झेंडूसारखा रंग, मानेवर पिवळी झालर. त्याला त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, कारण त्याला मारायचाच नव्हता. फाल्गुनात एका दुपारी चिमाजी आपल्या साडूला घेऊन आला. साडू चाकणचा, अंगाने चिमाजीचाच भाऊ शोभेल असा. दोघं कुंपणाशी उभे राहिले.

"वहिनी, पावनं आल्यात."

"या, बसा. भाकरी टाकते."

"भाकरी टाकाच. पन संगती काय? म्हसोबाचा नको, मरीआईचा नको, वेताळाच्या वाटंला आमी जात न्हाई, आसरांना भितो. ह्यो तांबडा कुनाचा?"

छबूबाई अंगण झाडत होत्या. खराटा थांबला. ओळखीचे देव संपले होते. त्यांनी मान वर केली. समोर रस्त्यापलीकडे देऊळ होतं.

"मारुतीचा," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यावर बसून विडी ओढत होतो. धूर नाकात गेला.

चिमाजीने देवळाकडे पाहिलं, मग कोंबड्याकडे, मग साडूकडे. "मारुती कवापास्नं कोंबडं खाया लागला, वहिनी?"

"खायाला न्हाई. सोडलाय. वळू सोडत न्हाईत का देवाच्या नावानं? तसा कोंबडा सोडलाय."

"आसं," चिमाजी म्हणाला. "सोडलाय. बरं केलं." आणि साडूला घेऊन गेला. जाताना त्याचे खांदे हलत होते. त्या दिवशी पाहुण्यांनी पिठलं खाल्लं.

त्याच सुमाराला छबूबाईंची मुलगी इंद्रायणी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. जावई पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता तिथे कामाला लागला होता. त्याने आकुर्डीला एक खोली धरली. सासू-सासऱ्यांपासून वेगळं निघायचं ठरलं. भाद्रपदात गौरी उठल्या की पितृपक्ष लागायच्या आत इंद्रायणीने लेकरू घेऊन तिकडे जायचं. वेगळं निघताना सासूने एक पातेलं आणि एक तवा दिला होता, आणि वर म्हणाली होती, "तुज्या आईचं काय हाय द्यायासारकं? कोंबड्या?"

छबूबाईंनी हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "व्हय. कोंबडीच देनार. पिल्लांसकट देनार. मला दिली तशी."

इंद्रायणीसाठी कोंबडी ठरली काजळी. काळीभोर, वयाने तीन वर्षांची, उबवायला पक्की. जेठ संपता संपता काजळी खुडूक झाली. गोट्यांवर दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी छबूबाईंनी निवडून तेरा अंडी बसवली.

आता अंगणात पाच वयात आलेले कोंबडे आणि अकरा कोंबड्या होत्या. हे गणित कुठल्याही हमालाला कळतं. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली होती. पाळणाघरासारखं असलेलं अंगण तालमीसारखं झालं होतं. कोंबडे एकमेकांना उरावर घ्यायचे, घरावर चढायचे, माझ्या खोलीत शिरायचे. सकाळी पाच जण मिळून आरवत आणि प्रत्येकाला वाटायचं की पहिल्याचं नीट झालं नाही.

नवव्या दिवशी वेताळाचा आणि मरीआईचा लागले. लढत लढत सोप्यात घुसले आणि थेट काजळीच्या डालग्यावर कोसळले. डालगं उलटलं. मी आणि छबूबाई एकदमच पोचलो. तेरापैकी एकही अंडं धड नव्हतं. काजळी त्या चिखलात उभी राहून दोघांनाही चोची मारत होती.

छबूबाईंनी काजळीला उचललं. कोंबडीचे पाय कोमट पाण्याने धुतले. डालगं धुतलं, उन्हात ठेवलं. नवं तूस घातलं, त्यात गोटे ठेवले आणि काजळीला परत बसवलं. मग म्हणाल्या, "चूक त्यांची न्हाई. म्या ठेवले त्यांना."

आखाडातला शेवटचा रविवार धरून त्यांनी चारही नवस एकाच दिवशी फेडायचे ठरवले. वाडीत त्या दिवशी घरोघर तेच चाललेलं असतं. श्रावण लागणार, महिनाभर काही खायचं नाही. म्हणून ज्याच्या दारात जो कोंबडा असेल तो त्या आठवड्यात जातो. चार देवांना चार कोंबडे दिले, मग निंबाखाली चूल मांडली. मी पाणी भरलं, अठ्ठावीस खेपा. चिमाजीने वाटण वाटलं. हे मात्र सांगायला हवं, की तो नुसता खायला येत नसे. पाटा-वरवंट्यावर त्याने दोन तास काढले. त्याची बायको अंबुबाई भाकरी थापत होती. भावकीतले वीस-बावीस जण जेवले. मारुतीचा पुजारी सोनबा गुरव होता, तो नुसता बोलत बसला. तो माळकरी.

चिमाजीने हात धुतला, पंच्याला पुसला आणि बैठकीत बसून विचारलं, "सोनबातात्या, एक इचारू का? मारुती ब्रह्मचारी हाय न्हवं?"

"म्हंजे? हायच."

"त्याला सोडलेला कोंबडा हाय वहिनींचा. त्यो तिकडं बगा." सगळ्यांनी पाहिलं. तांबडा उकिरड्यावर होता आणि एकटा नव्हता. "आता ब्रह्मचाऱ्याच्या जनावरानं अकरा बायका कराव्या का?"

माणसं पोट धरून हसली. अंबुबाई तव्यावरची भाकर विसरली. मीही हसलो. सोनबा गुरव हसला नाही. त्याने दाढी खाजवली.

"चिमाजी चेष्टा करतोय," तो म्हणाला, "पन बोलतोय ते खरं हाय. छबू, मारुतीचं नाव घेतलंस ना?"

"घेतलं, तात्या."

"मग त्याला कोंबड्यांपास्नं अलग ठिव. न्हाईतर नाव घ्यायचं न्हवतं."

हसणं थांबलं. चिमाजीचंही थांबलं. त्याला एवढं नको होतं. छबूबाई उठल्या, तांबड्याला पकडून आणला आणि त्याच्या पायात सुंभ बांधलं.

इंद्रायणी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "आये, आता कोंबडा न्हाई. मग पिल्लं कशी निघायची?"

हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. वाडीतले सगळे कोंबडे त्या आठवड्यात पातेल्यात गेले होते. उसना आणायचा तर दारात कोंबडा राहिला होता कुणाच्या? कोंबड्याविना अंडं मिळतं, पिल्लू मिळत नाही. आणि गौरी उठायला दीड महिना होता.

चिमाजी उठून उभा राहिला. "वहिनी, तेवढं मनावर घिऊ नका. म्या आपलं..."

"तुमी काय वाईट बोललात, भावजी? नाव म्या घेतलं."

तांबडा माझ्या खोलीत आला. छबूबाईंच्या घरात जागोजागी कोंबड्या हिंडायच्या. दार लागणारी खोली माझीच. बाजेच्या पायाला त्याला बांधला. मी कामावर जाताना बाहेरून कडी घालायची आणि आल्यावर काढायची. वाडीत मला लोक 'पुजारीबुवा' म्हणायला लागले. डेपोत एकाने विचारलं, "जोतीरामभाऊ, तुमच्याकडे ब्रह्मचारी दोन, मग आरवतो कोण?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी छबूबाई अंडी गोळा करताना दिसल्या. प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक रेघ ओढत होत्या.

"मावशी, ही कशाला?"

"कोंबडा गेल्याला आज पयला दिस. उद्याच्यावर दोन रेगा." त्यांनी अंडं उन्हाकडे धरून फिरवलं. "कोंबड्यांच्या मानमोडीच्या साथीत माजा कोंबडा मेल्ता. चार वर्सं झाली. तवा खुडूक कोंबडी बसल्याली व्हती. म्या म्हनलं, बगू तर खरं. रेगा वडून बसवली. आठव्या दिसापत्तूरची निघाली. नवव्याची निम्मी. धाव्याचं एक बी न्हाई."

"म्हणजे कोंबडा नसला तरी?"

"कोंबडीच्या पोटात ऱ्हातं ते. आठ दिस म्हन. म्या सातच धरते."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. वाडीतही कुणी ऐकलं नव्हतं, कारण कोंबडा काढून कोंबड्या ठेवायची वेळ कुणावर आलीच नव्हती, आणि आली असती तरी अंड्यावर रेघा कोण ओढत बसणार?

मी जरा घुटमळून म्हणालो, "मावशी, सुंभ जुनं आहे. मी कामावर असताना तुटलं बिटलं, आणि कडी घालायची राहिली, तर..."

त्या सरळ उभ्या राहिल्या. "सुंभ जुनं हाय? मग नवं वळून दिते." आणि संध्याकाळपर्यंत वळून दिलं. एवढं जाड, की त्याने म्हैस बांधता आली असती.

तेव्हा चारच कोंबड्या अंडी देत होत्या. पहिल्या दिवशी तीन अंडी. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी पाऊस, एकच. चौथ्या दिवशी तीन, पाचव्याला एक, सहाव्याला दोन. बारा झाली. काजळी गोट्यांवर बसून होती. छबूबाई तिला रोज दुपारी हाताने उचलून खाली ठेवायच्या, ती पाणी प्यायची, दाणे टिपायची आणि परत जायची. तिला अंगात जास्त दिवस ऊब धरायला लागली तर तिची खूड मोडेल, ही एक भीती. अंडी जास्त दिवस ठेवली तर थंडावतील, ही दुसरी. दोन्ही भीतींच्या मध्ये एकच दिवस उरला होता.

सातव्या दिवशी मी दुपारपाळीला होतो. निघताना कडी घालायची राहिली, आणि टोपी विसरली म्हणून परत फिरलो, तर कबरी कोंबडी माझ्या खोलीत. घडी केलेल्या घोंगडीवर बसलेली. दोन हातांवर तांबडा, नव्या सुंभाला ताण देऊन एका पायावर उभा. मी ओरडलो. कबरी उठली आणि घोंगडीवर अंडं. तेरावं.

मी ते तळहातावर घेऊन गेलो. म्हटलं, झालं काम. छबूबाईंनी अंड्याकडे पाहिलंही नाही.

"दार कुनी उगडं टाकलं?"

"मी. टोपीला परत वळेपर्यंत, तेवढंच."

"किती येळ?"

"खांबापर्यंत गेलो होतो. चिलीम भरायला लागतो तेवढा."

"कोंबडा पोचला का?"

"सुंभ पोचू देत नव्हतं."

"हे अंडं न्हाई बसवायचं."

"मावशी, हे अंडं कालच पोटात झालेलं. आज तो पोचला काय अन् नाही काय!"

"मला ठावं हाय. तुला ठावं हाय. उद्या पिल्लू निघालं की वाडी बोट दावंल, त्याला काय सांगू?"

ते अंडं कुत्र्याला गेलं. बारा उरली. सम अंडी त्या बसवत नसत. बाराही उन्हात धरून पाहिली, सगळ्यात लहान होतं ते काढलं. अकरा अंडी काजळीखाली गेली. डालग्यात त्यांनी विळ्याचं मोडकं पातं ठेवलं, वीज कडाडली तर अंड्यांना धक्का बसू नये म्हणून. मी त्यावर काही बोललो नाही. मी दार उघडं टाकणारा माणूस.

चिमाजी रोज कुंपणाशी थांबायचा. आता त्याच्या थट्टेत जीव नव्हता.

"वहिनी, बापाबिगर अंडी बसवलीसा म्हनं."

"बसवली."

"नासतील हो. उगं कोंबडी झिजंल. म्या तळेगावास्नं पोरीला दोन तलंगा आनून दितो. चांगल्या देखन्या. पंदरा दिसांत अंड्यावर येतील."

"आना की. पन त्या बाजारच्या. माजं देनं निराळं."

एकवीस दिवस. मी डेपोत लाकडी पेट्या मोजून ठेवायचो, घरी येऊन दिवस मोजायचो. विसाव्या दिवशी छबूबाईंनी परातीत कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. जिवंत अंडं पाण्यात हलतं. आतलं पिल्लू पाय मारतं. इंद्रायणी, अंबुबाई आणि मी परातीभोवती. पहिलं अंडं ठप्प. दुसरं ठप्प.

"आये," इंद्रायणी म्हणाली.

"गप ऱ्हा. पानी हलवू नको."

तिसरं जरा डुललं. मग थांबलं. मग पुन्हा डुललं, कुणी आतून धक्का दिल्यासारखं. चौथं, पाचवं, सगळी. अकरातली नऊ अंडी त्या परातीत नाचत होती. अंबुबाईने तोंडाला पदर लावला. छबूबाईंनी ती पुसून एकेक करून परत ठेवली, आणि मगच हसल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ पिल्लं निघाली.

बातमी देवळापर्यंत जायला वेळ लागला नाही. चिमाजी आला तो सोनबा गुरवाला आणि भावकीतल्या चौघांना घेऊनच. त्याने डालग्यात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

"पुजारीबुवा, खरं सांग. मारुती कुटं फिराया गेल्ता का?"

"नाही."

"रोज कडी घालत व्हतास?"

"रोज."

"एकदा बी उगडं ऱ्हायलं न्हाई?"

मी छबूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सांग म्हणून मान हलवली. मी टोपीची गोष्ट सांगितली. घोंगडी दाखवली, सुंभ दाखवलं, ते पायात बांधून कुठवर पोचतं तेही दाखवलं. अंडं खाल्लेला कुत्रा समोरच बसला होता. सोनबाने कोंबडी बसली होती तिथून बाजेपर्यंत स्वतः वितीने मोजलं. आठ विती. सुंभ पाच.

"मग आली कुठनं ही?" चिमाजी म्हणाला.

छबूबाईंनी मानमोडीची आणि रेघांची गोष्ट सांगितली. अंड्यांची टरफलं त्यांनी ठेवली होती. काही तुकड्यांवर कोळशाच्या रेघा होत्या, एक, दोन, चार, सहा. टरफलं हातोहात फिरली. चिमाजीला ते पटेना.

"कोंबडा गेल्यावर आठ दिस? आसं कुटं असतंय व्हय?"

"भावजी, तुमचे भाऊ जाऊन बारा वर्सं झाली," छबूबाई म्हणाल्या. "त्यांचं घर म्या अजून चालवती. कोंबडीला आठ दिस जमायचं न्हाई?"

चिमाजी खाली बसला आणि बोटाने एका पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला. काजळीने चोच मारली. रक्त आलं. "बराबर हाय," तो बोट चोखत म्हणाला, "बराबर हाय."

तांबड्याला सोनबाने देवळात नेलं. माझी खोली मोकळी झाली. आठवड्याभरात अंगणातल्या कोंबड्या रस्ता ओलांडून देवळाच्या आवारात चरायला लागल्या. कुणीतरी तात्याकडे तक्रार केली. तात्या म्हणाला, "कोंबडा बांधायचं माज्याकडं हाय. दर्शनाला कोन येतं ते म्या कसं अडवू?"

गौरी उठल्या. तिसऱ्या दिवशी इंद्रायणी निघायची. आदल्या दुपारी छबूबाईंनी तिला डालग्यासमोर बसवलं. काजळीच्या छातीखाली हात कसा घालायचा, पाय कसे धरायचे, उचलताना पंखात अडकलेलं पिल्लू कसं आधी सोडवायचं. इंद्रायणीने एकदा उचललं, पिल्लू लोंबकळलं. "पुन्यांदा." दुसऱ्यांदा चोच खाल्ली. "पुन्यांदा." सहाव्यांदा नीट जमलं. तोवर तिचं लेकरू रडून रडून माझ्या मांडीवर झोपलं होतं.

सकाळी डालगं मी डोक्यावर घेतलं. सुट्टी होती. वर लुगड्याचा तुकडा बांधलेला. इंद्रायणी लेकरू घेऊन, चिमाजी पातेलं, तवा, वळकटी आणि जोंधळ्याचं अर्धं पोतं घेऊन. छबूबाई फाटकापर्यंत आल्या आणि मागे वळल्या. परतताना वाटेतल्या वाळक्या काटक्या गोळा करत गेल्या. आकुर्डीपर्यंत दोन-सव्वादोन तासांची चाल. पेटी डोक्यावर असली की मान ताठ ठेवून झपझप जाता येतं. डालग्याला ते चालत नाही. आतलं वजन जागा बदलतं. मी आयुष्यात अडीच अडीच मणाची ओझी नेली, पण एवढं हळू चालायला कुठल्याच ओझ्याने लावलं नाही. चिमाजी दर मैलाला म्हणायचा, "भावा, दे इकडं." मी दिलं नाही.

खोली एका रांगेतली चौथी. जावयाने आदल्या दिवशी जमीन सारवून ठेवली होती, अजून ओली होती. इंद्रायणीने कोपऱ्यात डालगं ठेवायला सांगितलं, फडकं सोडलं, छातीखाली हात घातला आणि पहिल्याच वेळी काजळीला बाहेर काढून ठेवलं. नऊ पिल्लं मागोमाग उतरली. काजळीने चारी बाजूंना पाहिलं, दोन पावलं टाकली, आणि मध्येच उभी राहून दोन्ही पायांनी ती सारवलेली जमीन उकरायला लागली. शेणाचे पोपडे भिंतीपर्यंत उडाले.

"आगं, आगं, कालच सारवलंय की गं!" इंद्रायणी ओरडली, आणि काजळीला हाकलायचं सोडून पिशवीतली कण्यांची पुरचुंडी शोधायला लागली.